सात बिनजोडीच्या स्प्रिंगा

१

कुलूप जागेवर होतं, किल्ली खिळ्यावर होती, आणि रजिस्टर नव्हतं.

शेपूटबाईंनी कपाटाचा खालचा कप्पा तीनदा पाहिला. मागच्या वर्षांची रजिस्टरं ओळीने उभी होती. यंदाचं हिरव्या पाठीचं रजिस्टर तेवढं कुणीतरी अलगद काढून नेलं होतं आणि शेजारची रजिस्टरं कलंडू नयेत म्हणून रिकाम्या जागेत एक लाकडी ठोकळा बसवला होता. चोरी केली ती केली, वर आवराआवरही करून गेला.

त्यांचं ऑफिस लिफ्टचे सुटे भाग तपासणाऱ्यांचं. तळमजल्यावर यंत्रं, वरच्या मजल्यावर आकडेमोड. लिफ्टच्या ब्रेकच्या स्प्रिंगा यंत्रावर लावायच्या, तुटेपर्यंत दाबायच्या आणि सोडायच्या, किती हजार दाबांनंतर तुटली ते मिस्त्रींनी रजिस्टरात लिहायचं, आणि त्यावरून बाईंनी सांगायचं की ही स्प्रिंग बिनघोर किती दिवस वापरावी. बाकीचे लोक आलेखाचं पोट बघत, जिथे बहुतेक स्प्रिंगा तुटतात. बाई बघत डावीकडची शेपूट, जिथे एखाददुसरी स्प्रिंग ऐन उमेदीत मोडते. ‘सरासरी स्प्रिंग कुणाचा जीव घेत नाही, घेते ती शेपटीतली,’ असं त्या एकदा मीटिंगमध्ये बोलून गेल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आज संध्याकाळी पाच वाजता या नव्या स्प्रिंगांच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती. साहेबांची सही शनिवारीच झाली होती. दाखला निघाला की शहरभरच्या लिफ्टना याच स्प्रिंगा बसणार. एका लिफ्टला तर साहेबांच्या तात्पुरत्या मंजुरीवर त्या आधीच बसल्या होत्या: पलीकडच्या रस्त्यावरच्या इस्पितळाची मोठी लिफ्ट. आज बरोबर एक्केचाळीस दिवस झाले होते. आणि त्या लिफ्टमधून स्ट्रेचर घेऊन दिवसातून चाळीस वेळा वरखाली करणारी नर्स म्हणजे शेपूटबाईंची सख्खी थोरली बहीण.

२

बाई तडक साहेबांकडे गेल्या. चौदा वर्षांपूर्वी नोकरीला लागल्या तेव्हापासून त्या साहेबांच्या हाताखाली शिकल्या होत्या. आलेखाचा कागद कसा धरायचा इथपासून साहेबांनी शिकवलेलं. त्यांच्या टेबलावर कायम एक लांब पोलादी पट्टी असायची, कडा झिजून चकचकीत झालेली.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, रजिस्टर मिस्त्रीच्या ताब्यात असतं, तेव्हा आधी त्यालाच विचारायला हवं. बिचाऱ्याचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. आणि रजिस्टर नसलं म्हणून काय बिघडलं, संगणकात सगळे आकडे आहेतच की, तू सही करून मोकळी हो. मग त्यांनी मिस्त्रींच्या नावाने एक खुलासा मागणारी चिठ्ठी लिहिली, वहीच्या पानावर पट्टी दाबून धरली, पान सर्रकन फाडलं आणि बाईंच्या हातात दिलं.

बाई आपल्या जागेवर आल्या. निदान महिन्यापूर्वीची चाचपणी आपल्या वहीत उतरवून ठेवलेली आहे, रजिस्टर सापडेपर्यंत तीच बघू, म्हणून त्यांनी खण उघडला. बारा स्प्रिंगांवर केलेली ती पहिली छोटी चाचणी. त्यातल्या दोन अगदी कोवळ्या वयात तुटल्या होत्या आणि तेव्हापासून बाईंची झोप उडाली होती.

वही होती. ते पान नव्हतं.

पान ओरबाडलेलं नव्हतं. शिवणीला लागून सरळ, स्वच्छ कड राहिली होती. म्हणजे कुणीतरी इथे, याच खुर्चीत बसून, घाई न करता ते पान काढलं होतं. बाईंना एकदम वाटलं की तो माणूस अजून मागे उभा आहे. त्यांनी वळून पाहिलं. मागे पाण्याचं पिंप आणि भिंतीवरचं घड्याळ, दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यांनी खुर्ची सरकवून पाठ भिंतीला लावली.

मग त्यांनी ताईला फोन लावला. आज जमलं तर जिन्याने ये-जा कर, एवढंच म्हणाल्या.

ताई हसायला लागली. “धाकटे, पेशंटला कडेवर घेऊन उतरू का? तुमच्या ऑफिसात सगळेच असले गं. तुझे ते साहेब गुडघ्यांच्या व्यायामाला येतात ना आमच्याकडे, ते पण पाचवा मजला चढून येतात, कठडा धरून, धापा टाकत. महिना झाला असेल. मी म्हटलं, गुडघे बरे करायला येता की घालवायला? तर म्हणे, तेवढाच व्यायाम.”

बाईही हसल्या. आपल्या काळजीच्या नादात साहेबांच्या गुडघ्यांची ती गोष्ट त्यांच्या ध्यानातूनच गेली.

३

रजिस्टर नाही, पान नाही. उरली संगणकातली यादी. बाईंनी ती छापून घेतली आणि दार लावून घेतलं.

स्प्रिंगांच्या आयुष्याचा जो जुना वक्र सगळे वापरत, तो दोन आकड्यांवर उभा होता. पहिला आकडा सांगे, स्प्रिंग साधारण किती टिकते. दुसरा सांगे, त्या एकमेकींच्या किती आगेमागे तुटतात. वक्र गुणी होता, पण त्याला एक गोष्ट दिसायचीच नाही: काही स्प्रिंगांच्या पोटात जन्मापासून चीर असते आणि त्या म्हातारपणाची वाट बघत नाहीत. म्हणून बाईंनी त्याला तिसरा आकडा जोडून तो वाढवला होता. हा आकडा एक आला, तर नवा वक्र मुकाट्याने जुन्यासारखाच होई. एकाच्या जितका खाली जाईल, तितकी डावीकडची शेपूट जाड. महिन्यापूर्वीच्या चाचपणीत तो पॉइंट चार आला होता. बारा स्प्रिंगांवरून काय कळणार, असं साहेब म्हणाले म्हणून साठ स्प्रिंगांची ही मोठी चाचणी लावली होती.

आता हे तीन आकडे यादीवरून काढायचे कसे? त्याचे तीन मार्ग, आणि ऑफिसात प्रत्येक मार्गाचा एकेक भक्त. बाई त्यांना तीन साक्षीदार म्हणत.

पहिला रेघेचा. खास आखलेल्या कागदावर तुटलेल्या प्रत्येक स्प्रिंगचा ठिपका द्यायचा आणि पट्टी लावून रेघ मारायची. ठिपके रेघेवर बसले तर तिसरा आकडा एक, रेघेला बाक आला तर एकाहून वेगळा. हा साहेबांचा. दुसरा सरासरीचा: सरासरी काढा, पसारा काढा, त्यावरून वक्र बसवा. हा स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा लाडका. तिसरा शक्यतेचा: कोणता वक्र खरा धरला, तर आपल्यासमोर आहे तीच यादी निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त? हा संगणकावरच जमायचा आणि बाईंचा सहकारी घाईबुवा याच्या नावाने शपथ घ्यायचा.

साक्षीदार प्रामाणिक असले तरी त्यांच्या जबान्या थोड्या वेगळ्या निघायच्याच. बाईंनी तिघांनाही बोलतं केलं. सरासरीचा म्हणाला, एक पूर्णांक एक. शक्यतेचा कुरकुरत म्हणाला, पॉइंट आठ सात. रेघेचा म्हणाला, एक. एकाच्या ना वर, ना खाली, नेमका एक. तीस ठिपके माळेत ओवल्यासारखे पट्टीला चिकटून बसले होते.

बाईंनी चौदा वर्षांत हजारो ठिपके दिले होते. खऱ्या लोखंडाचे ठिपके असे कधी वागत नाहीत. एखादा तरी रुसून बाजूला बसतोच.

यादीत कुणीतरी हात घातला होता, आणि घालताना रेघेला काय आवडेल ते बघून घातला होता.

४

घाईबुवा हा पोरगेलासा दिसणारा पण चाळिशी गाठलेला माणूस. जेवतानाही एक पाय दाराबाहेर. रजिस्टरातले आकडे रोज संगणकात घालायचं काम त्याचं. बाईंनी विचारलं तेव्हा तो आधी तडकलाच. म्हणाला, शेपूटबाई, मी आकडे डोळे मिटून टाकतो, वाचत बसलो तर काम कधी करू? लहान आकडे होते का? असतील. नसतील. शनिवारी पडताळणी झाली, त्यानंतर यादी त्याने उघडलीदेखील नव्हती. पडताळणीला कोण होतं? साहेब होते, तो स्वतः होता, आणि कंपनीचे गृहस्थ पलीकडच्या खुर्चीत पाय हलवत बसले होते. यादी उघडीच टाकून तो तासभर जेवायला गेला होता. तेव्हा त्या खोलीत कोण होतं, कोण नव्हतं, हे तो कसं सांगणार? एवढं बोलून तो थांबला आणि मग हळूच म्हणाला, हे माझ्यावर तर शेकणार नाही ना?

कंपनीच्या गृहस्थांना ऑफिसात सुगंधी म्हणत. ते येऊन गेल्यावर अर्धा दिवस खोलीत अत्तर रेंगाळायचं. ते आजही येऊन बसले होते, दाखल्याची वाट बघत. बाईंना आठवलं की कपाट उघडलं तेव्हा आतून मंद वास आला होता. त्यांनी सरळ विचारलं, शनिवारी कपाटाला हात लावला होता का? सुगंधींनी हातरुमालाने कपाळ टिपलं. लावला होता. मागच्या वर्षीचं रजिस्टर चाळायला काढलं होतं, साहेबांच्या परवानगीने. हिरवं तेव्हा जागेवर होतं. आणि मॅडम, आमची सरासरी तर पहिल्यापासून उत्तम आहे, तुम्ही उगाच शेपटीला धरून बसलात.

तेही घाबरले होते. सगळेच घाबरले होते, आणि त्यातला कोण चोरीला घाबरला आहे, कोण आळ येण्याला, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. घड्याळात अडीच वाजले होते.

५

मिस्त्री यंत्रघरात होते. बाई तिथे फारशा जात नसत. दहा यंत्रं एका ओळीत धाडधाड चालायची, फरशी पायाखाली थरथरायची, दोन माणसं बोलायची ती कानाला तोंड लावून. आज यंत्रं बंद होती आणि ती शांतता जास्त अंगावर येत होती.

मिस्त्री उकिडवे बसून एका यंत्राला तेल देत होते. साहेबांची चिठ्ठी त्यांनी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्यांची कहाणी ऑफिसात सगळ्यांना माहीत होती, बोलत कुणी नसे. अकरा वर्षांपूर्वी ते लिफ्टची देखभाल करायचे. एका गोदामाची लिफ्ट घसरली, तीन माणसं गेली. मिस्त्री सांगत राहिले की ब्रेकची स्प्रिंग तुटली. चौकशीत साहेबांनी जुना वक्र मांडला: इतकी नवी स्प्रिंग तुटूच शकत नाही, देखभालीत कसूर झाली असणार. मिस्त्रींचा परवाना गेला. पुढे साहेबांनीच त्यांना इथे कामाला ठेवून घेतलं. साहेबांच्या मनाचा मोठेपणा, असं सगळे म्हणत.

बाईंनी विचारलं की स्प्रिंगा लवकर तुटत होत्या तर तुम्ही मला सांगितलं का नाही.

मिस्त्रींनी तेलाचे हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, “एकदा तोंडाने सांगून बघितलं होतं बाई. घर बसलं माझं. तेव्हापासून ठरवलं, तोंडाने काही बोलायचं नाही. जे झालं ते लिहायचं. लिहिलं होतं. आता तेही नेलं कुणीतरी.”

त्यांनी आपले तळवे पुढे केले. “या हातांनी दोन दोन लावल्या, दोन दोन उतरवल्या. एवढंच सांगतो.”

बाई यंत्राकडे बघत राहिल्या. पाळण्याच्या दांडीसारखी आडवी दांडी, दोन टोकांना दोन स्प्रिंगा. एक तुटली की तोल जातो आणि यंत्र आपोआप बंद पडतं. मग दुसरी धडधाकट असली तरी तिलाही उतरवावं लागतं. तिच्या आकड्यापुढे अधिकचं चिन्ह घालायचं: इथवर तरी तुटली नव्हती, पुढचं माहीत नाही. हे बाईंना चौदा वर्षं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दांडी डोळ्यांसमोर असणं वेगळं.

दोन दोन लावल्या. दोन दोन उतरवल्या.

६

मिस्त्रींच्या स्टुलावर बसूनच बाईंनी यादी मांडीवर पसरली. वरच्या भागात तुटलेल्या तीस स्प्रिंगा, लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत. खालच्या भागात अधिकच्या चिन्हाच्या तीस, तशाच ओळीने. जोडीतल्या दोघी एकाच क्षणी उतरतात. म्हणजे वरच्या प्रत्येक आकड्याला खाली अगदी तस्साच जोडीदार हवा.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि एकेक जोडी खोडायला सुरुवात केली. चारशे बारा हजार वर, चारशे बारा अधिक खाली. खोडलं. पाचशे तीस, पाचशे तीस. खोडलं. तेवीस जोड्या जुळल्या.

खाली सात आकडे उरले. एकतीस. अडतीस. चव्वेचाळीस. बावन्न. सत्तावन्न. त्रेसष्ट. सत्तर. सगळे हजारात, सगळ्यांपुढे अधिकचं चिन्ह. त्यांचे तुटलेले जोडीदार वर कुठेच नव्हते. वर त्यांच्या जागी सात गुबगुबीत मोठे आकडे बसवले होते, रेघेवर जिथे जिथे जागा रिकामी होती नेमकी तिथे.

एकतीस हजारांवर यंत्र थांबलं होतं, स्प्रिंग उतरवली होती. जोडीदार तुटल्याशिवाय ती उतरवतं कोण?

इस्पितळाची लिफ्ट दिवसाला सुमारे हजारदा ब्रेक मारते. एक्केचाळीस दिवस. म्हणजे एक्केचाळीस हजार. त्या सात जोड्यांत तुटलेल्यांपैकी दोन इतकं होण्याच्या आतच गेल्या होत्या, तिसरी लिफ्टच्या हिशेबाने आणखी तीनच दिवसांनी. आणि ब्रेकला स्प्रिंगा असतात दोन.

बाईंनी ताईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. लिफ्टमध्ये फोनला रेंज नसते, हे ताईनेच कधीतरी सांगितलं होतं.

पण डोकं चालूच होतं, भीतीने उलट जास्तच जोरात. खोटं करणाऱ्याला अधिकच्या चिन्हाच्या ओळी दिसल्याच नव्हत्या. मिस्त्री जोड्या हाताने लावतात, ते विसरणार नाहीत. घाईबुवाचा शक्यतेचा मार्ग तर दोन्ही याद्या खातो, अधिकच्या ओळी चुकवून त्याचं पान हलत नाही. सुगंधी सरासरीवाले. त्यांनी खोटं केलं असतं तर सरासरीला शोभेल असं केलं असतं. सरासरीने तर एक पूर्णांक एक सांगितलं होतं. माणूस खोटं रचतो ते स्वतःला पटेल असंच रचतो. उरला तो रेघेचा माणूस. रेघेच्या कागदावर फक्त तुटलेल्यांचे ठिपके पडतात, अर्धवट राहिलेल्यांना तिथे जागाच नसते. चाळीस वर्षं ज्या माणसाने अधिकचं चिन्ह जमेस धरलं नाही, तो ते पुसायलाही विसरला.

वहीतल्या पानाची सरळ, स्वच्छ कड त्यांना आठवली. मग आठवला कठडा धरून, धापा टाकत चढवला जाणारा जिना. व्यायाम कसला आलाय. महिनाभर या माणसाने स्वतःला तेवढं लिफ्टमधून वगळलं होतं आणि बाकीच्यांना, ताईला, जाऊ दिलं होतं.

बाईंना भीती वाटत होतीच. त्यात आता किळस येऊन मिसळली.

७

साहेबांनी यादी बघितली, पेन्सिलीने खोडलेल्या जोड्या बघितल्या, खालचे सात उरलेले आकडे बघितले. पट्टी उचलून पुन्हा टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

मग समजावणीच्या सुरात बोलले. यादीत टंकनाच्या चुका असू शकतात. रेघ तर मी तुलाही शिकवली आहे, मग हे तूच केलं नसशील कशावरून? आणि रजिस्टर गेलंय ते मिस्त्रीच्या ताब्यातून. त्या माणसाच्या हातून एकदा कसूर झालेली सगळ्या शहराला ठाऊक आहे, दुसऱ्यांदा झाली म्हटलं तर कोण नाही म्हणेल? पाच वाजायला आले, सही कर. आवाज चढला नव्हता. चौदा वर्षं ज्या आवाजात त्यांनी शाबासकी दिली, त्याच आवाजात ते हे बोलत होते.

“लिफ्ट बंद करायचा हुकूम फक्त तुमच्या सहीने निघतो,” बाई म्हणाल्या. “माझी बहीण त्या लिफ्टमध्ये आहे.”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

बाई उठल्या आणि जिना उतरून रस्त्यावर धावत सुटल्या. मागून साहेबांची हाक आली. मग त्यांची पावलं आली, गुडघे आखडलेल्या माणसाची, एक जड एक हलकं.

८

इस्पितळाचा तळमजला माणसांनी भरलेला. लिफ्टमन स्टुलावर बसला होता. बाईंनी लिफ्ट बंद कर म्हटल्यावर तो त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, कागद असल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही बाई, वर ऑपरेशन खोळंबलंय. तेवढ्यात लिफ्ट खाली आली, दार उघडलं आणि ताई समोरून स्ट्रेचर ढकलत आत शिरली. स्ट्रेचरवर पायाला पट्ट्या बांधलेली एक म्हातारी, बरोबर तिचा मुलगा आणि सून, आणखी तिघं. लिफ्ट जवळजवळ भरली.

ताईला बाहेर ओढावं, ओरडावं, असं बाईंच्या मनात आलं. पण ओरडून ही लिफ्ट फार तर एकदा थांबली असती. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाली असती, आणि उद्या शहरभर. कागद देणारा माणूस मागे उभा होता.

बाई आत शिरल्या आणि ताईच्या शेजारी उभ्या राहिल्या. पायाखालची जमीन किंचित डुलली. स्ट्रेचरची दांडी त्यांनी घट्ट धरली. ताई म्हणाली, अगं, तू इथे कशी?

साहेब दारापाशी येऊन थांबले होते. चेहरा घामाने डबडबलेला.

“साहेब, एकाची जागा आहे,” बाई म्हणाल्या. “स्प्रिंग चांगली आहे ना? मग या आत. पाचव्या मजल्यावर जाऊ.”

लिफ्टमनने विचारलं, येताय का? माणसं खोळंबली. म्हातारीने मान वळवून दाराकडे पाहिलं. साहेबांनी एक पाय उचलला, उंबऱ्यावर धरला आणि मागे घेतला. मग त्यांनी डावीकडच्या जिन्याकडे पाहिलं. नकळत पाहिलं असेल, पण ते बाईंनी बघितलं आणि बाईंनी बघितलेलं त्यांनीही बघितलं.

दार मिटायला लागलं. बाई डोळे मिटून घेणार तोच त्या फटीत साहेबांचा हात आला. दार थडकून परत उघडलं.

“उतरा सगळे,” साहेब म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. “लिफ्ट बंद करा. मी लिहून देतो.”

९

ब्रेक उघडायला मिस्त्रींना बोलावलं. परवाना नसलेल्या माणसाला कसा हात लावू द्यायचा, म्हणून इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी जरा कुरकुर केली, पण साहेबांनीच मान हलवली. अर्ध्या तासाने मिस्त्री वरच्या यंत्रखोलीतून खाली आले. एका तळव्यावर अखंड स्प्रिंग होती. दुसऱ्या तळव्यावर दोन तुकडे होते.

ताईने ते तुकडे बघितले आणि ती भिंतीला टेकून बसलीच. कधी तुटली कुणास ठाऊक. सकाळी, दुपारी, चाळिसातल्या कुठल्या फेरीला. एका स्प्रिंगवर ती भरलेली लिफ्ट वरखाली करत राहिली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

साहेब बाकावर बसले होते. त्यांनी ऑफिसातून मागवून घेतलेली बॅग उघडली आणि हिरव्या पाठीचं रजिस्टर काढून बाईंच्या मांडीवर ठेवलं. फाडून टाकायला हात धजला नाही म्हणाले. चाळीस वर्षांत आकडा कधी जाळला नव्हता. हे सात आकडे खरे मानले तर नवी स्प्रिंगही तुटू शकते, म्हणजे गोदामाचीही तुटली असणार, आणि मग मी मिस्त्रींचं काय केलं? एवढ्याच भीतीने त्यांना महिनाभर झोप नव्हती. ते बोलत होते बाईंशी, मिस्त्रींकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. बाईंना त्यांची दया आली नाही. ती पुढे कधीतरी येईल असं मात्र वाटलं.

त्यांनी रजिस्टर उघडलं. मिस्त्रींच्या गिचमिड अक्षरात सातही जोड्या होत्या, एकतीस आणि एकतीस अधिक, अडतीस आणि अडतीस अधिक. खाली नवी ओळ घेऊन बाईंनी लिहिलं: इस्पितळाची लिफ्ट, एक्केचाळीस, तुटली. तिच्या जोडीला: एक्केचाळीस अधिक.

मग त्यांनी पेन न उचलता मिस्त्रींना विचारलं की गोदामाच्या लिफ्टवर तेव्हा मोजणी किती झाली होती, आठवतं का.

मिस्त्रींनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. अकरा वर्षं तो आकडा त्यांच्या जिभेवर होता, विचारलं कुणी नव्हतं.

“एकोणतीस हजार,” ते म्हणाले.

बाईंनी गोदामाची लिफ्ट असं लिहिलं, पुढे एकोणतीस हजार लिहिलं, आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह घातलं नाही.